रक्ताचे पहारेकरी

भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या इचलकरंजीत एक चमत्कारिक शांतता असते. एरवी रात्रंदिवस खटखटणारे यंत्रमाग दिवाळीपुरते उभे राहिलेले असतात, आणि त्या आवाजाची सवय जडलेल्या आमच्या कानांना ही शांतता उलट बोचते. अशा वेळी पश्चिमेला बीजेची कोर दिसू लागली की आमच्या गल्लीतली एक बाई तबक घेऊन अंगणात येते आणि चंद्राला ओवाळते. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, ही आपल्याकडची जुनी रीत. ही बाई मात्र जन्माने बिनभावाची नव्हे. तिला भाऊ होता. तो शाळेत माझ्या शेजारी, एकाच बाकावर बसत असे.

ही गोष्ट १९९१ सालची. आम्ही पाचवीत होतो. त्याला आधी ताप येऊ लागला, मग हिरड्यांतून रक्त येऊ लागले, आणि अंगावर कोणी मारल्यासारखे काळेनिळे डाग दिसू लागले. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासून त्याला मुंबईला धाडले. रक्ताचा कर्करोग, हा शब्द आम्ही पोरांनी त्या वेळी पहिल्यांदा ऐकला. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते, कानटोपी होती. आमचे गुरुजी आम्हां चार-पाच मुलांना घेऊन त्याच्या घरी गेले. त्याची आई चुलीपाशी बसली होती. ती एकदम म्हणाली, "गुरुजी, हेच्या अंगातलं रगात हेचंच वैरी कसं झालं वो?"

गुरुजी विद्वान होते. परंतु त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान खाली घातली. पुढच्या वर्षी आमच्या हजेरीपटावरून एक नाव कमी झाले.

आता मीच मास्तर आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. लहान मुलांना शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मी प्रथमच कबूल करतो. पण गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर अक्का, म्हणजे त्या माझ्या मित्राची थोरली बहीण, उंबऱ्यावर टेकली आणि जे तेहेतीस वर्षांत कधी बोलली नव्हती ते बोलून गेली. "मुंबईच्या डाक्टरांनी माझं रगात तपासलं व्हतं. जुळलं असतं तर पोरगा वाचायची आशा व्हती म्हणं. जुळलं न्हाई. सख्खी भण असून माझंच रगात कामाला आलं न्हाई. आईनं कवा बोलून दाखवलं न्हाई, पर तिच्या मनात ते व्हतंच."

त्या माउलीचा प्रश्न आणि अक्काच्या मनातला हा काटा, दोन्ही घेऊन मी वर्षभर पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. त्यातून जो इतिहास हाती आला तो मला एखाद्या कादंबरीहून अधिक विलक्षण वाटला, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्करोगाचे नाव निघाले की महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून माणसे ज्याची वाट धरतात, ते हे रुग्णालय. त्याच्या पायाशी रक्ताच्या कर्करोगाचेच दुःख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली या रोगाने गेल्या. धनाला तोटा नव्हता, परंतु जगातल्या कोणत्याही वैद्यापाशी त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली, आणि १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले तेव्हा त्याचे पहिले संचालकही तेच झाले.

याच केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे काम करू लागल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, जीवशास्त्रज्ञ होत्या. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे एक अपूर्व विद्या आत्मसात केली. माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी बाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, ही ती विद्या. परत येऊन त्यांनी मुंबईत त्या कामाची प्रयोगशाळा उभारली. वाचकांनी ही काचेची भांडी ध्यानात ठेवावीत. गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहेत.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तेथे लाल पेशी तयार होतात, रक्त गोठविणाऱ्या कणिका तयार होतात आणि पांढऱ्या पेशीही तयार होतात. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. परके जंतू आत शिरले की हे पहारेकरी त्यांना ओळखतात आणि मारतात. रक्ताच्या कर्करोगात या पहारेकऱ्यांच्या कुळातलीच एखादी पेशी बिघडते. ती आपले काम शिकत नाही, मोठी होत नाही, नुसती एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढत सुटते. थोड्याच अवधीत सगळा मगज तिच्या पिलावळीने भरून जातो. मग लाल पेशींना जागा उरत नाही, माणूस पांढरा पडतो. कणिकांना जागा उरत नाही, हिरड्यांतून रक्त येते.

मग उरलेले पहारेकरी तिला धरीत का नाहीत? कारण ती परकी नाही. पहारेकऱ्यांना लहानपणापासून एकच शिकवण असते: घरच्या माणसावर हात उगारायचा नाही. आणि या चोराच्या अंगावर घरचेच कपडे आहेत. "हेच्या अंगातलं रगात हेचंच वैरी कसं झालं," या प्रश्नाचे उत्तर एवढेच. बाहेरून वैरी आला असता तर त्या पोराच्या रक्ताने त्याला केव्हाच ओळखले असते.

या पहारेकऱ्यांना जागे करून कर्करोगावर घालावे, हा विचार मात्र जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे शस्त्रवैद्य होऊन गेले. वैद्यकी शिकण्यापूर्वी दोन वर्षे ते शाळामास्तर होते, म्हणून मला त्यांच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा. १८९१ साली त्यांची सतरा वर्षांची एक रुग्ण हाडाच्या कर्करोगाने गेली. हात कापूनही ती वाचली नाही. तो घाव जिव्हारी लागून कोलींनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली. त्यांत त्यांना एका जर्मन मजुराची हकीकत सापडली. त्याच्या मानेवरची गाठ पुनःपुन्हा कापूनही परत येत होती. पण मध्येच त्याला धावरे झाले, भयंकर ताप चढला, आणि ताप उतरला तेव्हा गाठ नाहीशी झाली होती! कोलींनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत हिंडून त्या माणसाला शोधून काढले. सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता. तेव्हापासून कोलींनी जन्मभर जंतू टोचून रुग्णांना मुद्दाम ताप आणला. काही बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत. असे का होते ते कोणाला सांगता येईना. इतक्यात क्ष-किरण आणि रेडियम आले, आणि कोलींची विद्या मागे पडली. १९३६ साली ते वारले तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे उरले होते.

पहारेकऱ्यांचे सामर्थ्य जगाला पुन्हा दिसले ते निराळ्याच वाटेने, आणि आपल्या देशात ती वाट ज्यांनी पहिल्यांदा चालून दाखविली ते वैद्य स्वतः पायांनी चालू शकत नव्हते. त्यांचे नाव डॉ. सुरेश अडवाणी.

अडवाणी यांचा जन्म १९४७ च्या ऑगस्टमधला, कराचीचा. फाळणीने उखडलेल्या हजारो सिंधी कुटुंबांप्रमाणे त्यांचे कुटुंबही मुंबईस आले. आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. पुढे या मुलाने वैद्यक शिकायचे ठरविले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागितला तेव्हा आरंभी नकार मिळाला. चाकांच्या खुर्चीवरचा विद्यार्थी रुग्णांच्या खाटांमधून कसा हिंडणार, असे तेव्हाच्या लोकांना वाटले असावे. अडवाणींनी पिच्छा सोडला नाही. प्रवेश मिळविला, पदवी घेतली, वरची पदवीही घेतली, आणि ते टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे वैद्य झाले.

त्या काळी या रोगावर काही औषधे निघाली होती, परंतु त्यांचा उपयोग बहुधा थोडे दिवस पुढे ढकलण्यापुरता होई. जी औषधे बिघडलेल्या पेशी मारतात तीच चांगल्या पेशीही मारतात. मात्रा वाढविली तर मगजच जळून जातो, आणि मगज गेला की माणूस गेला. या पेचातून एक मार्ग अमेरिकेतले डॉ. डॉनल टॉमस शोधीत होते. त्यांचे म्हणणे असे की, मगज जळतो ना, जळू द्या! दुसऱ्या निरोगी माणसाच्या कमरेच्या हाडातून मगज काढून रुग्णाच्या शिरेत सोडा. तो आपोआप हाडांत जाऊन रुजेल आणि नवे रक्त तयार करू लागेल. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांवर हा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. सहाही जण दगावले. पुढे दहा-बारा वर्षे जिकडेतिकडे अपयशच येत गेले आणि बहुतेकांनी तो नाद सोडून दिला. टॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले.

अडचण होती ती जुळण्याची. बीजेच्या संध्याकाळी अक्काच्या तोंडून आलेला शब्द तो हाच. दुसऱ्याचा मगज आत आला की त्यातले पहारेकरी नव्या घराला परके समजून त्यावर तुटून पडतात. रुग्णाची कातडी, यकृत, आतडी यांचा नाश करतात. म्हणून दोघांच्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणांची पहिली ओळख फ्रान्समधील जाँ दोसे यांना १९५८ साली पटली. एकदा खुणा जुळवून दाता निवडता येऊ लागल्यावर सिअॅटल शहरी टॉमस यांच्या रुग्णालयात माणसे वाचू लागली. अडवाणी तेथे गेले, त्यांच्या हाताखाली शिकले आणि परत आले.

परत येणे ही गोष्ट लिहिण्यास सोपी आहे. परंतु तेव्हाच्या मुंबईत हे काम उभे करणे म्हणजे काय, याची वाचकांनी कल्पना करावी. मगज जाळल्यावर नवा रुजेपर्यंत दोन-चार आठवडे रुग्णाच्या अंगी प्रतिकारशक्ती नावालाही नसते. साधी सर्दी झाली तरी प्राणावर बेतते. हवा गाळून आत घेणारी निराळी खोली हवी, रक्ताच्या कणिकांचा रोजचा पुरवठा हवा, चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या परिचारिका हव्यात. हे सारे जमवून २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा मगज देण्यात आला. भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण ते हेच. भावाने बहिणीला आपल्या हाडांतले रक्त दिले. इतकी अमोल ओवाळणी कोणत्या भाऊबीजेला पडली असेल?

येथे कोणी म्हणेल, की हे तर रोपण झाले. यात पहारेकऱ्यांची करामत कोठे आली? तीच या इतिहासातली मौजेची जागा आहे. आरंभी सर्वांना वाटत होते, की रोग बरा होतो तो जालीम औषधांनी आणि किरणांनी, नवा मगज केवळ जळालेल्या जागी भरणा करतो. तसे असते तर जुळ्या भावाचा मगज सर्वांत उत्तम ठरायला हवा होता, कारण एकाच गर्भापासून दोन झालेल्या जुळ्यांच्या खुणा तंतोतंत एक असतात. घडले उलटे. ज्यांना अशा जुळ्या भावंडाचा मगज मिळाला त्यांच्यात रोग परत येण्याचे प्रमाण अधिक निघाले! १९७९ साली सिअॅटलच्या वैद्यांनी दाखवून दिले, की ज्या रुग्णांत पाहुणे पहारेकरी थोडेफार दंगा करतात, त्यांच्यात कर्करोग कमी वेळा परततो. १९९० साली जगभरच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची टिपणे एकत्र केली गेली, तेव्हा हे पक्के ठरले. त्याच वर्षी टॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्थ असा: सख्खे भावंड जुळते, पण अगदी तंतोतंत एक नसते. त्याचे पहारेकरी नव्या घरात नांदू शकतात, आणि तरीही ते त्या घरात वाढलेले नसल्यामुळे घरचे कपडे घातलेला चोर त्यांना चोरच दिसतो. आपल्याला आपल्या माणसाचा दोष दिसत नाही, पाहुण्याला तो पहिल्या दिवशी दिसतो. कोलींनी अंधारात चाचपडत जे शोधले, त्याचा हा पहिला खणखणीत पुरावा. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच कर्करोग बरा करणे, ज्याला डॉक्टरलोक इम्युनोथेरपी म्हणतात, ती विद्या आपल्या देशात आली ती परळच्या त्या खोलीतून.

रोपण हे थोड्यांसाठीच होते. अडवाणींच्या कारकिर्दीची दुसरी बाजू म्हणूनच मला तितकीच मोठी वाटते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधांचा एक ठरीव क्रम अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील वैद्यांच्या साहाय्याने १९८४ पासून टाटा रुग्णालयात सुरू झाला. आपल्याकडच्या मुलांना सोसवेल आणि आपल्याकडच्या रुग्णालयांना पेलवेल असा तो बेतला होता. त्यापूर्वी पाचांत जेमतेम एक मूल वाचे. या क्रमाने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. सरकारने त्यांना २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरविले. पाचांत एकाच्या जागी दोन-अडीच पोरे जगली, हा सन्मान मला दोन्हींहून थोर वाटतो.

माझा मित्र उरलेल्यांपैकी निघाला. औषधांनी तो काही महिने सावरला, आणि रोग परत आला. तेव्हा अक्काचे रक्त तपासले गेले.

हे सगळे वाचून झाल्यावर श्रावणातल्या एका दुपारी मी अक्काकडे गेलो. ती ओसरीवर कांड्या भरीत होती. मी म्हटले, "अक्का, ते रक्त जुळायचं कसं असतं, ते तुझ्याच सुतावर सांगतो." तिच्या डब्यातली चार रंगांची सुते घेतली. मुलाच्या खुणा म्हणजे एक कापड समज. उभे सूत बापाचे, आडवे सूत आईचे. बापापाशी उभ्या सुताचे दोन रंग आहेत, तांबडा आणि पांढरा. आईपाशी आडव्याचे दोन आहेत, हिरवा आणि पिवळा. प्रत्येक मुलाच्या वेळी दोघेही डोळे मिटून आपापला एकेक रंग उचलतात. मग कापडे किती तऱ्हांची होतील?

जन्म मागात घालविलेल्या बाईला हिशेब सांगावा लागला नाही. तिने चारी सुते बोटांवर घेतली, आडवी-उभी धरून पाहिली आणि म्हणाली, "चार."

"चार. तुझे एक, त्याचे एक. दोघांचे कापड तेच निघायची आशा चारांत एक. न जुळण्याच्या वाटा तीन. मोठमोठ्या धनवंतांच्या पोरांनाही हाच हिशेब. यात तुझ्या मायेचा, रक्ताच्या शुद्धतेचा, कशाचाही संबंध नाही. तो जन्मायच्या आधीच ते ठरले होते."

ती बराच वेळ त्या सुतांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "आणि आईचं?"

हा प्रश्न येईल याची मला भीती होती. कारण आईचे एक सूत प्रत्येक मुलात असतेच; आई म्हणजे अर्धी जुळणी, नेहमीच. त्या काळी अर्ध्या जुळणीवर रोपण करणे म्हणजे रुग्णाला हाताने मारण्यासारखे होते. पुढे बाल्टिमोरच्या त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, जेथे कमलाबाई शिकल्या होत्या, तेथील वैद्यांनी एक युक्ती काढली आणि २००८ साली तिचे फळ प्रसिद्ध केले. मगज दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जुनेच औषध द्यायचे. नव्या पहारेकऱ्यांपैकी जे दंगेखोर तेवढे त्यात मरतात, बाकीचे राहतात. आज आई, बाप, अर्धे जुळलेले भावंड, कोणीही मगज देऊ शकते आणि आपल्या देशातही ही रोपणे होतात.

मी खरे तेच सांगितले. "आज चाललं असतं, अक्का. आईचंही, आणि कदाचित तुझंही. तेव्हा ही विद्याच नव्हती."

"म्हंजे उशीर झाला," ती म्हणाली.

"विद्येला उशीर झाला. तुला नाही."

त्या दुपारी आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, कारण तिच्या आईच्या प्रश्नाचे सर्वांत नवे उत्तर तीत आहे. पाहुणे पहारेकरी आणण्याऐवजी घरच्याच पहारेकऱ्यांना चोर ओळखायला शिकविले तर? इस्रायलमधील झेलिग एशर यांनी १९८९ साली पहारेकरी पेशीवर मनाजोगती नवी खूण बसविण्याची रीत दाखविली. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला सहा वर्षांची एक मुलगी, जिच्यावर सर्व औषधे हरली होती, या रीतीने बरी झाली. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पहारेकरी पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात नवा धडा घालतात. मग प्रयोगशाळेत वाढवून, त्यांची फौज करून, परत शिरेत सोडतात. येथे वाचकांना कमल रणदिव्यांची काचेची भांडी आठवतील. पेशी शरीराबाहेर जगविण्याची विद्या नसती तर हे स्वप्नही कोणाला पडले नसते. आणि फौज आत गेली की रुग्णाला ताप चढतो, पुष्कळदा भयंकर. कोलींच्या रुग्णांना चढे तसाच!

परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडत. मुंबईच्या पवई येथील आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांनी ही पेशी आपल्याकडेच बनवायची असा चंग बांधला. टाटा केंद्रातले डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन त्यांना येऊन मिळाले. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात भारतातील पहिल्या रुग्णाला अशा पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईस येऊन हा उपचार देशाला अर्पण केला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या अहवालात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे ७३ जणांना गुण आल्याचे दिसते. गुण येणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, काहींचा रोग परततो, हेही सांगितले पाहिजे. मेहेरबाईंसाठी सारी दौलत ओतूनही जे मिळाले नसते, ते नव्वद वर्षांनी त्यांच्याच स्मारकात तयार झाले.

परंतु येथे टाळ्या वाजवून मला थांबता येत नाही. कोट्यवधींचा उपचार आपल्या लोकांनी दहाव्या हिश्श्यावर आणला, हे खरेच. तरीही तो दहावा हिस्सा लाखोंच्या घरात जातो. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप दिवसपाळी-रात्रपाळी करून माग चालवितात. त्यांच्या दृष्टीने तीन कोटी आणि तीस लाख यांत फारसा फरक नाही. दोन्ही आकडे चंद्राइतकेच दूर. अडवाणींनी एका हाताने रोपण केले आणि दुसऱ्या हाताने गरिबाच्या पोराला परवडेल असा औषधांचा क्रम बसविला. त्यांच्या कारकिर्दीतून मी धडा घेतो तो हा, की नवी विद्या आणणे हे अर्धे काम. ती मागवाल्याच्या दारापर्यंत नेणे हे उरलेले अर्धे.

त्या उरलेल्या अर्ध्यात आपल्यासारख्यांनाही थोडी जागा आहे. ज्यांच्या घरात कोणाचेच जुळत नाही, त्यांच्यासाठी मज्जादात्यांच्या नोंदवह्या असतात. अठरा वर्षांवरच्या निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला की त्याच्या खुणा नोंदल्या जातात. कोठल्या तरी अनोळखी मुलाशी त्या जुळल्या तर बोलावणे येते. बहुतेकांना ते कधी येत नाही. पण नोंदवहीत आपल्याकडच्या लोकांची नावे जितकी अधिक, तितकी आपल्याकडच्या पोरांची आशा अधिक. कारण खुणा बहुधा आपल्याच मुलखात जुळतात.

अक्काचा थोरला मुलगा माझाच विद्यार्थी. गणपतीच्या आधी तो कोल्हापूरला गेला आणि बोळा देऊन आला. मी अक्काला विचारले, "तूच पाठवलंस?"

ती कांडी बदलीत होती. वर न बघता म्हणाली, "हेच्या मामाचं रगात हेच्यातबी आसंल की थोडं. कुनाच्या तरी लेकराला जुळू दे."

यंदाच्या भाऊबीजेलाही माग बंद असतील, कोर दिसेल आणि अक्का अंगणात येईल. तिने चंद्राला ओवाळावेच. ते तबक तिच्या भावाचे आहे. पण ओवाळताना तिचे डोळे इतकी वर्षे खाली वळत, तसे ते यंदा वळणार नाहीत, अशी मला आशा आहे.